विश्लेषण : काँक्रीटचे पूल बांधणाऱ्या इंजिनीअरने हिमयुगाचे गणित कसे सोडवले? कोण होते मिलुटिन मिलानकोव्हिच?

उन्हाचा पारा चढू लागला की दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. पृथ्वी कधी तापते, कधी गोठते, हे लाखो वर्षांचे नैसर्गिक चक्र आहे, शास्त्रज्ञ त्याला मिलानकोव्हिच चक्र म्हणतात आणि माणसाच्या धुराचा त्याच्याशी काही संबंध नाही, असा त्याचा सूर असतो. यातला पहिला भाग बरोबर आहे. शेवटचा भाग मात्र ज्यांच्या नावावर खपवला जातो, त्यांच्याच आकडेमोडीने खोटा ठरतो. तो कसा, हे कळायला आधी या माणसाचे आयुष्य पाहावे लागेल. हे आयुष्य एखाद्या वेब सीरिजला शोभेल असे आहे. त्यात क्षयाने गेलेले भाऊ आहेत, मधुचंद्रात झालेली अटक आहे आणि बॉम्बहल्ल्यात सापडलेला छापखानाही आहे.

डॅन्यूबकाठचा आजारी मुलगा

मिलुटिन मिलानकोव्हिच यांचा जन्म २८ मे १८७९ रोजी दाल्य या गावी झाला. डॅन्यूब नदीच्या काठचे हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. घर सर्बियन, व्यापारी आणि खाऊनपिऊन सुखी. सात भावंडांत मिलुटिन आणि त्यांची जुळी बहीण थोरले. मिलुटिन आठ वर्षांचे असताना वडील वारले. पुढे आई, आजी आणि मामा यांनी मुलांना वाढवले. तीन भाऊ लहान वयातच क्षयाने गेले. मिलुटिन यांचीही प्रकृती तोळामासा, त्यामुळे प्राथमिक शिक्षण घरीच झाले.

पुढे ओसियेक शहरात शाळा आणि १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी. पदवीनंतर मामांनी पैशाची सोय केली आणि १९०४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता कमानींसारख्या बांधकामांत दाब कोणत्या रेषेने वाहतो, हा. त्यानंतर व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत नोकरी. प्रबलित काँक्रीट, म्हणजे आपण ज्याला सरळ आरसीसी म्हणतो, ते तेव्हा नवे तंत्रज्ञान होते. धरणे, पूल, जलवाहिन्यांचे पूल अशी कामे त्यांनी केली. नावावर पेटंट होती, पैसाही चांगला होता.

आणि १९०९ मध्ये त्यांनी हे सगळे सोडले. बेलग्रेड विद्यापीठाने उपयोजित गणित शिकवण्यासाठी बोलावले आणि व्हिएन्नातल्या कमाईपुढे अगदीच तुटपुंज्या पगारावर ते सर्बियात गेले. आयटीतले पॅकेज सोडून जिल्ह्याच्या कॉलेजात शिकवायला जाणाऱ्या मुलाला घरचे जे विचारतील, तेच प्रश्न त्यांनाही विचारले गेले असणार. अर्थात हातातली कला सुटली नाही. पुढच्या काही वर्षांत सर्बियातील निश ते क्न्याझेवाट्स रेल्वेमार्गावरच्या काँक्रीट पुलांचे आराखडे त्यांनीच केले.

हिमयुगाचाच विषय का?

याबद्दलचा एक किस्सा मिलानकोव्हिच यांनीच आठवणींत नोंदवून ठेवला आहे. एका कवी मित्राच्या नव्या संग्रहाच्या आनंदात दोघे बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या एका बँकरला त्या देशभक्तिपर कविता इतक्या आवडल्या की त्याने दहा प्रती जागेवरच विकत घेतल्या. मग वाइन आली आणि बेतही मोठे झाले. कवीने देशावर महाकाव्य लिहायचे ठरवले. मिलानकोव्हिच यांना मात्र एक देश पुरेना, त्यांना अख्ख्या विश्वाला हात घालायचा होता. दुसऱ्या दिवशी उतरली तरी कल्पना उतरली नाही.

विषय शोधताना त्यांच्या लक्षात आले की हवामानशास्त्रात निरीक्षणांचे ढीग आहेत, पण गणित फारसे नाही. सूर्याकडून किती उष्णता येते, पृथ्वीच्या कोणत्या अक्षांशावर किती पडते आणि त्यावरून तिथले तापमान काय असावे, हे निव्वळ समीकरणांतून काढता आले पाहिजे. आणि आजचे काढता आले, तर एक लाख वर्षांपूर्वीचेही काढता येईल.

हिमयुगाचा वाद तेव्हा पाऊणशे वर्षे जुना होता. युरोप एकेकाळी बर्फाखाली होता, हे लुई अगासिझ यांनी १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मांडले, तेव्हा श्रोत्यांना ते पचले नव्हते. पुढे पुरावे साचत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंक आणि ब्रुकनर या भूशास्त्रज्ञांनी आल्प्समध्ये चार हिमकालांच्या खुणा दाखवल्या. बर्फ आला होता, हे ठरले. तो का आला आणि पुन:पुन्हा का आला, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

एक अपवाद होता. स्कॉटलंडचे जेम्स क्रॉल. ग्लासगोतील एका महाविद्यालयात शिपाई म्हणून काम करताना तिथल्या ग्रंथालयातली पुस्तके वाचून या माणसाने १८६४ पासून हिमयुगाचा संबंध पृथ्वीच्या कक्षेशी जोडला. क्रॉल यांच्यावर खरे तर स्वतंत्र लेख व्हायला हवा. पण त्यांचा भर कडक हिवाळ्यावर होता आणि त्यांच्या हिशेबाने शेवटचे हिमयुग सुमारे ८० हजार वर्षांपूर्वी संपायला हवे होते. जमिनीतले पुरावे ते फार अलीकडे संपल्याचे सांगत होते. १८९० मध्ये क्रॉल वारले आणि त्यांचा सिद्धांतही अडगळीत गेला.

पृथ्वीच्या तीन सवयी

मिलानकोव्हिच यांचे गणित समजायला पृथ्वीच्या तीन सवयी माहीत हव्यात. सूर्याभोवतीची कक्षा कधी जवळजवळ गोल, कधी किंचित लंबगोल होते. याला साधारण एक लाख वर्षे लागतात. पृथ्वीचा अक्ष आज सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, हा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान ४१ हजार वर्षांत एक हेलकावा घेतो. तिसरी सवय भोवऱ्याची. भोवरा मंदावताना त्याची आरी जशी गोल फिरते, तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी मारतो. पंचांग पाहणाऱ्यांना हे नवे नाही. अयनांश म्हणतात ते याचेच माप आणि उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होऊनही मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, तीही याच संपातचलनामुळे. कक्षाही स्वत: हळूहळू वळत असल्याने ऋतूंवर या तिसऱ्या सवयीचा परिणाम साधारण १९ आणि २३ हजार वर्षांच्या चक्रांत दिसतो.

आज पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे थंडी असताना. जुलैच्या तुलनेत तेव्हा पृथ्वीला जवळपास सात टक्के अधिक सूर्यप्रकाश मिळतो. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी परिस्थिती उलटी होती, पृथ्वी सूर्याजवळ यायची ती उत्तरेच्या उन्हाळ्यात. त्याच्या पुढच्या काही हजार वर्षांत भारतातला मान्सून जोरदार होता आणि आजच्या सहाराच्या वाळवंटात तळी व गवताळ माळ होते.

वर्षभरात साऱ्या पृथ्वीला मिळणारी एकूण उष्णता या तिन्ही सवयींमुळे जवळजवळ बदलत नाही. बदलते ती वाटणी. कोणत्या अक्षांशाला, कोणत्या महिन्यात, किती. सगळा खेळ त्या वाटणीचा आहे.

मधुचंद्र, अटक आणि ग्रंथालय

१४ जून १९१४ रोजी मिलानकोव्हिच यांचे क्रिस्टिना टोपुझोव्हिच यांच्याशी लग्न झाले. जोडपे मधुचंद्रासाठी दाल्यला, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीत गेले. दोनच आठवड्यांत सारायेव्होत युवराज फर्डिनंड यांची हत्या झाली आणि महिन्याभरात ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. सर्बियाचा नागरिक असलेला हा नवरदेव आता शत्रूच्या मुलखात होता. त्यांना पकडून ओसियेकच्या किल्ल्यात डांबण्यात आले. ज्या शहरात शाळा झाली, तिथेच कैद.

कोठडीचे दार लागल्यावर त्यांनी बॅग उघडली, कागद काढले आणि अर्धवट राहिलेली आकडेमोड पुढे सुरू केली. पुढे त्यांना नेझिडरच्या छावणीत हलवले. क्रिस्टिना स्वस्थ बसल्या नाहीत. त्या व्हिएन्नाला गेल्या, पतीचे जुने प्राध्यापक इमान्युएल चुबर यांना भेटल्या, ओळखी लावल्या. डिसेंबर १९१४ मध्ये मिलानकोव्हिच यांची सुटका झाली, मात्र बुडापेस्टमध्येच राहायचे, या अटीवर. तिथे हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाचे दार गणितज्ञ काल्मान सिली यांनी शत्रुराष्ट्राच्या या प्राध्यापकाला उघडून दिले. मिलानकोव्हिच यांच्या चरित्रांत क्रिस्टिना यांना एखाद-दुसरी ओळच मिळते. त्या व्हिएन्नाला गेल्या नसत्या, तर पुढची चार वर्षे कुठे गेली असती कोण जाणे.

ती चार वर्षे ग्रंथालयात गेली. बाहेर युरोप एकमेकांच्या जिवावर उठला होता आणि हे गृहस्थ मंगळाच्या हवामानाचा हिशेब करत होते. मंगळावर कालवे खोदणारी प्रगत वस्ती असल्याचा समज तेव्हा लोकप्रिय होता. मिलानकोव्हिच यांच्या समीकरणांतून निघालेला मंगळ मात्र भयंकर थंड होता. १९१५ मध्ये बुडापेस्टलाच त्यांना मुलगा झाला. १९१९ मध्ये कुटुंब बेलग्रेडला परतले आणि १९२० मध्ये पॅरिसहून फ्रेंचमध्ये त्यांचा ग्रंथ निघाला.

शंभर दिवसांची आकडेमोड

हा ग्रंथ वाचला व्लादिमीर कोपेन यांनी. एमपीएससीचा भूगोल केलेल्यांना हे नाव पाठ असेल. जगाचे हवामान विभाग पाडणारे ते हेच कोपेन. त्यांचे जावई आल्फ्रेड वेगनर, भूखंडवहनाचा सिद्धांत मांडणारे. सासरे-जावई मिळून प्राचीन हवामानावर पुस्तक लिहीत होते. १९२२ मध्ये कोपेन यांनी मिलानकोव्हिच यांना विचारले, हे गणित सहा लाख वर्षे मागे नेता येईल का?

मिलानकोव्हिच यांची अडचण वेगळी होती. हिशेब नेमका कोणत्या ऋतूचा करायचा? कोपेन यांचे उत्तर होते, उन्हाळ्याचा. क्रॉल इथेच चुकले होते. उत्तर गोलार्धाच्या वरच्या भागात हिवाळ्यात बर्फ पडायचाच, थंडी थोडी कमी असो वा जास्त. तो बर्फ पुढच्या उन्हाळ्यात पुरता वितळतो की नाही, हा खरा प्रश्न. उन्हाळा सौम्य असला की थोडा बर्फ शिल्लक राहतो. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, त्यामुळे गारठा आणखी वाढतो. ही शिल्लक हजारो वर्षे चक्रवाढ व्याजासारखी साठत गेली की खंडच्या खंड बर्फाखाली जातात.

मग मिलानकोव्हिच कामाला बसले. सकाळपासून रात्रीपर्यंत, सलग सुमारे शंभर दिवस. उत्तरेच्या ५५, ६० आणि ६५ अंश अक्षांशांवर गेल्या साडेसहा लाख वर्षांत उन्हाळ्यात किती ऊन पडले, याचा हा हिशेब होता. जर्मन गणितज्ञ लुडविग पिल्ग्रिम यांनी काढून ठेवलेले कक्षेचे आकडे हाताशी होते, पुढचे सगळे कागद-पेन्सिलीवर. आज लॅपटॉपवर काही ओळींचा कोड लिहिला की हा आलेख क्षणात उमटतो. तयार वक्ररेषा त्यांनी कोपेन यांना टपालाने पाठवली. तिच्यातले खोल खड्डे आणि आल्प्समधले चार हिमकाल यांचा मेळ कोपेन यांना लगेच दिसला. १९२४ मध्ये ही रेषा कोपेन-वेगनर यांच्या पुस्तकात छापून आली.

याच धामधुमीत १९२३ मध्ये त्यांनी एक कॅलेंडरही करून दिले. ऑर्थोडॉक्स चर्चच्या इस्तंबूलमधील परिषदेसाठी त्यांनी लीप वर्षाचा नवा नियम सुचवला, जो आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षाही अचूक आहे. दोन्हींत पहिला फरक पडेल इ.स. २८०० मध्ये. ग्रीस, रोमानियातील चर्चने तो स्वीकारला. सर्बियन चर्चने मात्र अजूनही वापरात आणलेला नाही.

ते जग कसे होते?

शेवटचा हिमकाल ऐन भरात होता सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी. कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होता. स्कँडिनेव्हियाही तसाच. एवढे पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसल्याने समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. सायबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडलेले होते. गवताळ, वाऱ्याने झोडपलेल्या मैदानांत केसाळ मॅमथ आणि केसाळ गेंडे चरत होते. फ्रान्स-स्पेनच्या गुहांत माणसे बैल, घोडे रंगवत होती.

आपल्याकडे बर्फाची चादर नव्हती, पण परिणाम होताच. मुंबईपासून १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात असलेले मुंबई हायचे तेलक्षेत्र तेव्हा कोरड्या जमिनीत मोडले असते. अरबी समुद्राच्या तळचा गाळ सांगतो की पावसाळा कमजोर होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली, त्यातल्या एका तुकड्यावर नक्षी कोरलेली होती. वय सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात शहामृग, यावर आज विश्वास बसणे कठीण. पण तेव्हा तिथे या पक्ष्याला मानवणारा मोकळा, कोरडा, गवताळ मुलूख होता.

दुसरे युद्ध आणि एकमेव प्रत

तीस वर्षांचे काम एकत्र करून मिलानकोव्हिच यांनी जर्मन भाषेत सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ सिद्ध केला, कॅनन. १९४१ च्या वसंतात तो बेलग्रेडमध्ये छापला जात होता. ६ एप्रिलला हिटलरच्या विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. राष्ट्रीय ग्रंथालय जळून खाक झाले. कॅननचा छापखानाही उद्ध्वस्त झाला, पण छापलेले बहुतेक फर्मे गोदामात शाबूत राहिले.

मे महिन्यात दोन जर्मन अधिकारी त्यांच्या दारात उभे राहिले. धसका बसावा असाच प्रसंग. पण ते होते भूशास्त्राचे विद्यार्थी आणि फ्रायबर्गचे प्राध्यापक वोल्फगांग झोर्गल यांचा नमस्कार घेऊन आले होते. मिलानकोव्हिच यांनी जवळची एकमेव संपूर्ण छापील प्रत त्यांच्या हवाली केली. बेलग्रेडचे काय होईल याचा भरवसा नव्हता, निदान जर्मनीत तरी ग्रंथ वाचेल, हा हिशेब. ज्या सैन्याने छापखाना पाडला, त्याच सैन्याच्या गणवेशातल्या दोघांच्या हाती त्यांनी आयुष्यभराचे काम सोपवले.

युद्धाची वर्षे त्यांनी घरात बसून आठवणी लिहिण्यात घालवली. नंतर ते सर्बियन विज्ञान अकादमीचे उपाध्यक्ष झाले, बेलग्रेड वेधशाळाही काही काळ सांभाळली. पण शास्त्रातले वारे फिरले होते. १९५० च्या दशकात कार्बन-१४ पद्धतीने जुन्या गाळांचे वय मोजता येऊ लागले आणि अनेक तारखा त्यांच्या रेषेशी जुळेनात. भूशास्त्रज्ञांनी पाठ फिरवली. मिलानकोव्हिच टीकाकारांशी वाद घालत बसले नाहीत. १२ डिसेंबर १९५८ रोजी बेलग्रेडमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा सिद्धांत बहुतेकांच्या लेखी निकालात निघालेला होता.

निकाल हिंदी महासागरातून

१० डिसेंबर १९७६. मृत्यूला अठरा वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी असताना जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकलटन यांचा शोधनिबंध सायन्स नियतकालिकात आला. दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या दोन नळ्या त्यांनी तपासल्या होत्या. त्यांत साडेचार लाख वर्षांचा गाळ थरांवर थर साचलेला. त्या गाळात सूक्ष्म सागरी जीवांची कवचे असतात. हिमकालात हलका ऑक्सिजन असलेले पाणी बर्फात अडकते, समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि ते कवचांत नोंदले जाते. जणू हजेरीपटच. त्या नोंदींत सुमारे एक लाख, ४२ हजार आणि २३ हजार वर्षांची चक्रे स्पष्ट निघाली. कार्बन-१४ चा आवाका पन्नासेक हजार वर्षांचा आणि तेव्हाच्या जमिनीवरच्या नोंदी तुटक. समुद्रतळाने सलग हिशेब दिला. आज मिलानकोव्हिच यांच्या नावाने चंद्रावर आणि मंगळावर एकेक विवर आहे.

मग तापमानवाढ नैसर्गिकच का?

नाही, आणि त्याचे कारण याच चक्रांत आहे. ही चक्रे हजारो वर्षांत सरकतात, दीडशे वर्षांत नाही. दुसरे म्हणजे उत्तरेच्या उन्हाळ्यातले ऊन गेली सुमारे दहा हजार वर्षे कमी कमीच होत आले आहे. चक्राच्या भरवशावर राहिलो असतो, तर पृथ्वी अगदी सावकाश थंड होत असायला हवी होती. प्रत्यक्षात उलटे घडते आहे.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे आठ लाख वर्षांचा हिशेब देतात. हिमकालात कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे १८०, उबदार काळात सुमारे २८०. चक्राने सुरुवात करायची आणि या वायूने ती वाढवायची, असा त्यांचा जोडधंदा. त्या साऱ्या काळात जो आकडा ३०० च्या आसपासच थांबला, तो आज ४२० च्या पुढे आहे. ही भर कोळसा, तेल आणि वायू जाळून पडली, पृथ्वीच्या कलण्यामुळे नव्हे.

मिलानकोव्हिच यांच्या गणितात एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. कक्षेच्या लंबगोलपणामुळे उन्हात पडणारा फरक अगदी किरकोळ, तरी अलीकडची हिमयुगे नेमकी त्या एक लाख वर्षांच्या तालावर येतात. सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत ती ४१ हजार वर्षांच्या तालावर येत होती. ताल का बदलला, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका युरोपीय पथकाने अंटार्क्टिकात २,८०० मीटर खोल जाऊन किमान १२ लाख वर्षे जुना बर्फ बाहेर काढला. त्या बदलाच्या काळातली हवा त्यात बंद आहे. हा बर्फ उणे तापमानात जपून युरोपातील प्रयोगशाळांत नेण्यात आला असून त्यावर काम सुरू आहे.